खाली उतरणारी चिमणी

टेबलावर ताटं सहा लागली आणि घरात माणसं पाचच आहेत, हे सगळ्यात आधी आजीच्या लक्षात आलं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी तिला वर्तमानपत्रातला मथळाही धड दिसत नसे. पण ताटं, टाके आणि खोटं बोलणारी माणसं तिला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसत.

"सहावं कुणाचं?" तिने विचारलं.

धाकटी सून काटे-चमचे पुसत होती. ती पुसतच राहिली. "मला काय माहीत? ह्यांना विचारा."

'हे' म्हणजे आजीचा धाकटा मुलगा. पंचावन्न वर्षांचा झाला, डोक्यावरचे केस गेले, खालच्या मजल्यावरचा कोटांचा कारखाना चौदा वर्षं एकट्याने ओढत आला, तरी घरात आणि गल्लीत तो धाकटाच. आत्ता तो खिडकीशी उभा राहून रस्त्याकडे बघत होता, आणि रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

"एक पाहुणे येताहेत," तो म्हणाला. "धंद्यातले आहेत. कोटवालेच."

"कुठले?"

"पलीकडचे."

धाकटीच्या हातातला चमचा टेबलावर पडला. पलीकडे म्हणजे सीमेपलीकडे. युद्ध संपून एकतीस वर्षं झाली होती, तरी या घरात त्या देशाला दुसरं नाव नव्हतं.

"अरे, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" आजी म्हणाली. "वर थोरली उद्याचा कागद घेऊन बसलीय. आणि तू पलीकडचा माणूस आणून तिच्यासमोर बटाटे खायला बसवणार?"

"कागदासाठीच तर बोलावलंय, आई. मंत्रालयाच्या प्रदर्शनात माझ्या स्टॉलवर आला, अर्धा तास माझे कोट उलटेसुलटे करून बघत होता. बटणंसुद्धा मोजली असतील त्याने. कापड त्याचं, शिलाई आपली, असा सौदा करायचा म्हणतोय. एकदा वहिनीने त्याला पाहिलं, की तिलाही कळेल. तिकडेही साधी माणसंच आहेत."

"तिला कळेल," आजी म्हणाली. "तुलाही कळेल."

धाकट्याची बाजूही खोटी नव्हती. त्याचे वडील, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांच्या काळी खाली साठ मशिनी चालायच्या. आता नऊ उरल्या होत्या. मास्तर जाऊन चौदा वर्षं झाली. त्यांचं "दोरा आखूड घे, गाढवा" मात्र खाली अजून रोज कुणीतरी कुणालातरी ऐकवत असे. लांब दोऱ्याला गाठी पडतात आणि वेळ जातो, एवढंच त्याचं शास्त्र. ते मास्तरांनी दोन पिढ्यांच्या कानांत ओतलं होतं.

"मी मात्र थोरल्या ताईंच्या बाजूची," धाकटी चमचा उचलत म्हणाली. "आधीच सांगून ठेवते."

"काल तर माझ्या बाजूची होतीस."

"काल सहावं ताट नव्हतं."

*

वरच्या खोलीत वहिनी, म्हणजे आजीची थोरली सून, तो कागद चौथ्यांदा वाचत होती. तिला गल्लीतला पोस्टमनसुद्धा वहिनीच म्हणे. युद्धातून न परतलेल्या एकशे बेचाळीस सैनिकांत तिचा नवरा होता, आणि त्या एकशे बेचाळीस घरांच्या समितीची ती अध्यक्ष होती. इकडच्या सरकारने तेव्हा कायदाच केला होता, की या माणसांचं काय झालं ते पलीकडचे सांगत नाहीत तोवर त्यांच्याशी वकिलात नाही आणि व्यापारही नाही. आता दोन्हीकडच्या मंत्र्यांना दोन्ही हवं होतं. मधे अडलं होतं ते समितीच्या संमतीचं, आणि ती संमती उद्या सकाळी अकरा वाजता मंत्रालयात द्यायची होती.

तिची मुलगी दारात येऊन उभी राहिली. व्यापार मंत्रालयात दुभाषीचं काम करायची, दिवसभर दुसऱ्याचंच बोलायची, म्हणून घरात तिला पोपट म्हणत.

"आई, एक सांगायचंय. रागावू नकोस."

"म्हणजे रागवण्यासारखंच आहे. थांब, आधी मला सांग, तू भाषेतली ना? 'वकिलात व व्यापार तातडीने सुरू करण्यात येतील.' तातडीने म्हणजे कधी?"

"म्हणजे... याच महिन्यात."

"आणि 'बेपत्ता सैनिकांची माहिती यथावकाश देण्यात येईल.' यथावकाश म्हणजे कधी?"

पोपट दाराच्या चौकटीचा रंग नखाने खरवडू लागली.

"मग झालं तर," वहिनी म्हणाली.

"पण आई, एकतीस वर्षं दार बंद ठेवून काय हाती लागलं? दार उघडलं तर निदान आत जाऊन विचारता तरी येईल."

"दार उघडलं की लोक खरेदी करून परत येतात गं. विचारायला कुणी जात नाही."

तिने कागदाची घडी घातली. ती काही रडूबाई नव्हती. समितीतल्या बायकांना आल्याचा चहा आणि खरमरीत विनोद पाजून तिने तीन सरकारं जागची हलू दिली नव्हती. पण रविवारी सकाळी, मशिनी बंद असल्या, की तिला नवरा आठवे. ती या कारखान्यात बटणं लावायला आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि तिच्याइतकं सफाईदार बटण कुणी लावत नसे. चार भोकांचं बटण. एका भोकातून निघून बाकीच्या तिन्हींकडे जाणारे तीन टाके. त्याला इथे 'चिमणीचा पाय' म्हणत. मास्तरांचा नियम होता, की बोटं वर, कॉलरकडे हवीत. मास्तरांचा थोरला मुलगा डावखुरा. तो कोट उलटा धरून, कॉलर पोटाशी घेऊन शिवायचा आणि त्याची चिमणी नेहमी खाली बघायची. वहिनी त्याची बटणं उसवून पुन्हा लावायची. तो म्हणायचा, "तुमच्या चिमण्या उडून चालल्यात, बाई. माझी घरी उतरतेय." असं तीन महिने भांडून दोघांनी लग्न केलं.

"हं, सांग आता," ती मुलीला म्हणाली. "कशासाठी रागवायचं नाहीये?"

पोपटने सांगितलं. वहिनीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"किती वाजता येतोय?"

"खाली आलाय."

*

पाहुणा जाडजूड, घामेजलेला आणि अतिशय नम्र निघाला. अंगात तपकिरी लोकरी कोट, आणि कोटाचं मधलं बटण एका दोऱ्यावर लोंबकळत होतं. कोटवाल्याच्या कोटाचं बटण तुटलेलं. धाकट्याने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. आजीने पाहिलं ते पाहिलंच.

पोपट दोघांच्या मधे बसली होती आणि सूप संपेपर्यंत तिला घाम फुटला होता.

"त्याला सांग," वहिनी म्हणाली, "की माझ्या घरात तो जेवतोय हे माझ्या दिराचं कर्तृत्व आहे. मी याला पाणीसुद्धा विचारलं नसतं."

पोपट पाहुण्याकडे वळली आणि त्याच्या भाषेत म्हणाली, "आई म्हणतात, तुम्ही आलात, काकांना फार आनंद झाला. पाणी हवं का?"

पाहुण्याने मान हलवून पाणी घेतलं. मग तो बराच वेळ बोलला, छातीवर हात ठेवून.

"काय म्हणाला?"

"बटाटे आवडले म्हणतात."

"एवढं सगळं बटाट्यांबद्दल?" धाकटी म्हणाली. "मी तर मीठ टाकायला विसरले होते."

"काकू, तुम्ही तरी..."

"विचार त्याला," वहिनी म्हणाली, "यथावकाश या शब्दाला त्यांच्याकडे किती दिवस लागतात."

"आई विचारतात, तुमचा प्रवास किती दिवसांचा होता?"

"दोन," पाहुणा म्हणाला आणि दोन बोटं दाखवली. वहिनीने त्या दोन बोटांकडे पाहिलं आणि ती चक्रावली. धाकट्याला हसू आलं, ते त्याने रुमालात लपवलं.

आता आजीला राहवेना. माणूस शत्रू असेल, पण लोंबकळणारं बटण तिच्या टेबलाशी चालत नसे. तिने हात पुढे केला. "काढ म्हणावं कोट. दोन मिनिटांत लावून देते."

पाहुणा इतक्या झटकन कोट काढेल असं कुणाला वाटलं नव्हतं. जणू तो हा हात पुढे येण्याचीच वाट बघत होता. आजीने कोट मांडीवर घेतला, लोंबकळणारं बटण बाजूला केलं आणि वरच्या शाबूत बटणावरून अंगठा फिरवला. मग खालच्यावरून. मग पुन्हा वरच्यावरून.

"हे कुणी शिवलंय?" तिचा आवाज चढला. "कोट उलटा धरून? कुणा गाढवाने?"

हे पोपटने सांगायच्या आधीच पाहुण्याचा चेहरा उजळला. तो उठून उभा राहिला आणि मोडक्यातोडक्या उच्चारात, पण स्पष्ट, म्हणाला:

"दोरा आखूड घे, गाढवा."

धाकट्याचा घास हातातच राहिला. त्या खोलीत घरची पाच माणसं होती आणि पाचही जणांनी ते वाक्य लहानपणापासून किंवा लग्नापासून ऐकलं होतं, आणि ते या इमारतीबाहेर कुणाला ठाऊक असण्याचं काहीच कारण नव्हतं.

"पोपट," वहिनी म्हणाली. ती उठली नव्हती, फक्त टेबलाची कड धरली होती. "त्याला विचार, हे कुणी शिकवलं. आणि आता साखर घालू नकोस. तो जे म्हणेल ते तसंच्या तसं."

पाहुणा बोलू लागला. पोपट सांगू लागली, त्याच्या मागोमाग, एकेक वाक्य.

"ते म्हणतात, युद्धानंतर दुसऱ्या वर्षी छावणीतून एक माणूस त्यांच्या कारखान्यात दिला. कामाला. नाव लिहायला बंदी होती, फक्त नंबर. त्याने पहिल्याच दिवशी सगळ्यांची बटणं उसवायला लावली. ते स्वतः तेव्हा अठरा वर्षांचे होते. त्यांना रोज गाढव म्हणायचा. आता त्यांच्याकडे चाळीस बायका आहेत. चाळिसांच्या चाळीस अशीच बटणं लावतात. त्यांना वाटतं, जगात सगळे अशीच लावतात."

"अगं बाई," आजी म्हणाली. "चाळीस जणी उलटं?"

"ते म्हणतात, त्याला कुणी विचारलं तर सांगायचा, माझी चिमणी..." पोपट थांबली. "माझी चिमणी घरी उतरतेय."

वहिनीने डोळे मिटले. धाकटीने मागून येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आहे?" वहिनीने विचारलं.

पोपटने विचारलं. पाहुण्याने मान खाली घातली, मग उत्तर दिलं, थोडक्यात.

"अकरा वर्षांपूर्वी," पोपट म्हणाली. "थंडीत. छातीत कफ होऊन. चार दिवस आजारी होते. यांच्या आईने केलं सगळं. ते तिच्याच घरी मागच्या खोलीत राहायचे. जागा आहे, टेकडीवर. दगडावर नंबर आहे, नाव नाही. यांना नाव माहीत होतं, पण लिहायला बंदी होती." ती नाक पुसून पुन्हा पाहुण्याकडे वळली, कारण तो अजून बोलत होता, आणि आता तो तिच्याकडेच बघून बोलत होता. ती ऐकत राहिली.

"काय म्हणतोय?" धाकट्याने विचारलं.

"मला नाही येत सांगता."

"तुझं काम आहे ते, बाळा," वहिनी म्हणाली. "सांग."

"ते दर हिवाळ्यात एक छोटा कोट शिवायचे. उरलेल्या कापडातून. पहिला तीन वर्षांच्या मुलीचा. दर वर्षी एक माप मोठा." पोपट रडत होती आणि अडखळत का होईना, सांगत होती, कारण सांगायचं तिला येत होतं. "असे वीस कोट आहेत. यांच्या आईने ट्रंकेत ठेवलेत. शेवटचे पाच एकाच मापाचे आहेत. ते म्हणायचे, पोरगी आता वाढायची थांबली असेल."

सगळ्यात आधी आजी रडली, मोठ्याने, लाज न बाळगता. आणि रडता रडताच म्हणाली, "वीस कोट, आणि वीसच्या वीस उलट्या बटणांचे," आणि मग काय झालं कुणास ठाऊक, वहिनीला हसू फुटलं. रडण्याच्या मधोमध असं हसू, की धाकटीही हसली, आणि तो परका जाडा माणूस डोळे पुसत त्यांच्याकडे बघून हसू लागला, का ते न कळता.

*

सूप निवलं, बटाटे गार झाले, कुणी उठलं नाही. धाकट्याच्या मनात एक विचार येत होता आणि त्याची त्यालाच शरम वाटत होती. आता वहिनी सही करणार. आता अडकून राहायला उरलं काय?

"हे आधी का नाही सांगितलं तुम्ही लोकांनी?" वहिनी पाहुण्याला विचारत होती. "एकतीस वर्षं आमचं सरकार तुमच्या सरकारला विचारतंय."

"तुमच्या सरकारने आमच्या सरकारला विचारलं," पोपटमधून पाहुणा म्हणाला. "आमच्या सरकारने लष्कराला विचारलं. लष्कर म्हणालं, आमच्याकडे कुणी नाही. ते खरंच होतं. त्यांनी माणसं केव्हाच कारखान्यांना देऊन टाकली होती. कारखान्यांना कुणी विचारलंच नाही."

"मग इथे कसे आलात?"

"प्रदर्शनात यांच्या कोटांची बटणं बघितली. तोच पाय, फक्त बोटं वर. म्हटलं, घर हेच. पण या विषयावर बोलायची आम्हाला मनाई आहे, आणि दुभाषी पडली सरकारी. म्हणून आज सकाळी हॉटेलात बटणाचा दोरा कापला. म्हटलं, कोटवाल्यांच्या घरात कुणीतरी बघेलच."

धाकट्याने आईकडे पाहिलं. आजी कोटावरून हात फिरवत होती.

वहिनीने कागद उघडून टेबलावर ठेवला. "माझं घर मोकळं झालं," ती म्हणाली. "एकशे एक्केचाळीस घरं राहिली. उद्या मी या यथावकाशवर सही करणार नाही, भाऊजी. तुमचं नुकसान होईल. मला कळतंय."

आपण रागावणार, असं धाकट्याला वाटलं होतं. राग आलाच नाही. त्याला दादाचा हात आठवला, डावा, कात्री धरलेला, आणि तो दादा आपल्याला कोट कापायला शिकवताना गाढव म्हणायचा तेही आठवलं.

"पोपट, सांग त्यांना," तो म्हणाला. "सौदा ठरला. पण नुसतं कापड मी घेणार नाही. नमुन्याच्या कापडासोबत यादी हवी. त्यांच्या कारखान्यात कोण कोण दिले होते, कुठे आहेत, काय झालं. कारखान्याच्या शिक्क्यासकट. आणि हीच अट सगळ्यांना. लाकूडवाला असो, वीटवाला असो. यादी नाही तर माल नाही."

"आणि मशिनी?" धाकटीने हळूच विचारलं.

"नऊ आहेत की. भागेल थोडे दिवस नवांवर."

"मी आता तुमच्या बाजूची," धाकटी म्हणाली.

वहिनीने पेन घेतलं, 'यथावकाश' खोडलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं: 'प्रत्येक मालासोबत, प्रत्येक कारखान्याकडून.' मग पाहुण्याकडे पाहिलं. "उद्या हे मंत्रालयात बोलाल?"

पोपटने काहीही न सजवता विचारलं. पाहुण्याने बराच वेळ कपाळ पुसलं.

"मी एकटा बोललो तर त्रास मला होईल," तो म्हणाला. "उद्याच्या सहीसाठी आम्ही अकरा कारखानदार आलोय. अकराही बोललो तर त्रास मंत्र्यांना होईल. सगळे हॉटेलातच आहेत. वीटभट्टीवाला माझ्या शेजारच्या खोलीत आहे. त्याच्याकडेही माणसं होती." तो उठला. "आत्ताच जातो. कोट राहू दे इथे."

धाकटा त्याला गाडीने सोडायला गेला. पोपटही गेली. जाताना तिने आईला विचारलं, "आई, माझं माप बदललंय का गं बावीस वर्षांची होते तेव्हापासून?"

"दंडात घट्ट होईल," वहिनी म्हणाली. "मी सैल करून देईन."

*

संध्याकाळी सहा वाजता फोन वाजला. आजीने उचलला, ऐकलं, आणि वहिनीकडे दिला.

"आई," पोपट हॉटेलातून बोलत होती, आणि मागे कितीतरी माणसं एकदम बोलत होती. "नऊ जण तयार झालेत. दोघं अजून घाबरताहेत, काका त्यांना चहा पाजताहेत. आणि वीटभट्टीवाला म्हणतो, त्याच्याकडे सात होते. आई, त्यातले दोघं आहेत. अजून आहेत. एकाला गुडघ्याचं दुखणं आहे, दुसरा भट्टीवर मुकादम आहे. नावं लिहून घेतलीत मी."

"वाच."

पोपटने दोन नावं वाचली. दोन्ही घरं वहिनीला पाठ होती. एकात बायको होती, दुसऱ्यात फक्त म्हातारा बाप, जो समितीच्या बैठकीला दर वेळी पहिल्या खुर्चीत बसे आणि काहीच बोलत नसे.

"मी निघाले त्यांच्याकडे," वहिनी म्हणाली. "फोनवर नाही सांगायचं हे."

तिने चपला घातल्या, दारापर्यंत गेली आणि परत आली. पाहुण्याचा कोट खुर्चीवर होता आणि ते बटण अजून लोंबकळत होतं. तिने सुई घेतली. आजीने न सांगता दोरा कापून दिला, आखूड.

वहिनीने कोट हातात घेतला तसा सरळ घेतला, कॉलर वर, आयुष्यभराच्या सवयीने. मग क्षणभर थांबून तो उलटा फिरवला, कॉलर पोटाशी घेतली, सुई डाव्या हातात धरली. तीनदा बोटात टोचून घेतली. टाके वाकडे पडले.

"काय चाललंय तुझं?" आजी म्हणाली. "अशाने चिमणी खाली बघेल."

"बघू दे," वहिनी म्हणाली आणि दोरा दातांनी तोडला. "उतरतेय ती."